घरच्या बागेत मोठं अंजीर: कलमापासून तोडणीपर्यंत

घरी अंजिराचं झाड असणाऱ्या पुष्कळांची तक्रार एकच असते. झाड जोमात आहे, फळंही भरपूर धरतात, पण ती सुपारीएवढी झाली की वाढ थांबते, आणि पुढे काही गळतात, काही सुकतात. मग झाडाला खत घातलं जातं, बहुतेकदा युरिया. झाड आणखी उंच जातं, पानं हातभर होतात आणि फळं तेवढीच राहतात.

अंजिराचा आकार खताच्या पोत्यात नसतो. तो ठरतो तीन गोष्टींवर: जात कोणती आहे, एका फळामागे निरोगी पानं किती आहेत, आणि पिकण्याच्या शेवटच्या दिवसांत मुळाशी ओल एकसारखी राहते का. बाकी सगळी कामं या तिन्हींसाठी करायची असतात. पहिल्यांदाच झाड लावणाऱ्याने हा क्रम मनात पक्का केला, तर तिसऱ्या वर्षापासून मूठ भरेल असं फळ मिळणं अवघड नाही.

मोठं म्हणजे किती मोठं?

अपेक्षा आधी नीट ठरवू. पुरंदर तालुक्यातलं चांगलं पोसलेलं अंजीर साधारण ४० ते ६० ग्रॅमचं असतं. घरच्या झाडावर नीट विरळणी केली, म्हणजे जादा फळं लहान असतानाच काढली, तर त्याच जातीची काही फळं याच्याही पुढे जातात. ब्राऊन टर्कीसारख्या मोठ्या फळाच्या जातीत ८०-१०० ग्रॅमचं फळ हे गाठता येण्यासारखं उद्दिष्ट आहे. जगात याहून मोठीही झाली आहेत. २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या एका अंजिराचं वजन २९५ ग्रॅम भरलं आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. तेवढ्यावर डोळा ठेवू नका, पण एवढ्याशा फळाची झेप कुठवर जाऊ शकते हे त्यावरून कळतं.

जात निवडताना

महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या लागवडीत आहे ते पुणे अंजीर. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. जाधववाडीला अंजीर आणि सीताफळ यांचं संशोधन केंद्र आहे, आणि 'फुले राजेवाडी' ही निवड याच भागातली. मराठवाड्यात दौलताबादचं अंजीर जुनं, आणि 'दिनकर' ही जात त्या बाजूची. चवीसाठी मी आजही पुणे अंजीरच लावायला सांगेन. पातळ साल, लालसर गर आणि तो वास दुसऱ्या जातीत सहसा मिळत नाही. पण आकार हेच पहिलं लक्ष्य असेल, तर ब्राऊन टर्की किंवा पिवळसर सालीची डिअ‍ॅना घ्या. जागा असेल तर एक पुणे आणि एक ब्राऊन टर्की अशी जोडी लावा.

इथे एका गोष्टीपासून सावध राहायचं. 'अफगाणी', 'तुर्की', 'सुक्यामेव्याचं अंजीर' अशा नावाने रोपं विकली जातात. सुकवून विकल्या जाणाऱ्या काही जातींत परागीकरण झाल्याशिवाय फळ टिकत नाही, आणि ते काम करणारी एक विशिष्ट इवलीशी गांधीलमाशी असते. ती आपल्या बागांत नाही. अशा झाडाला फळं लागतात, बोराएवढी होतात आणि एकजात गळून पडतात. मालक बिचारा वर्षानुवर्षं खत बदलत बसतो. पुणे अंजिराला परागीकरण लागत नाही.

याच कारणाने सुक्या अंजिरातलं बी पेरू नका. ते उगवतं, आणि म्हणूनच फसगत होते. त्यातली निम्मी झाडं नर निघतात, आणि उरलेल्यांपैकी बहुतेकांना तीच माशी लागते. ज्या झाडाचं फळ तुम्ही स्वतः खाल्लं आहे, त्याचं कलम घ्या.

गुटी घरच्या घरी

अंजिराचं छाट कलमही होतं, म्हणजे फांदीचा तुकडा मातीत रोवून, पण नवख्या माणसाला गुटी, म्हणजे फांदी झाडावरच असताना तिला मुळं फोडून घेणं, जास्त खात्रीची. जून-जुलैत, हवेत ओल असताना, वर्षभर वयाची, बोटाएवढी जाड, सरळ फांदी निवडा. टोकापासून दीड-दोन फूट मागे, एका डोळ्याच्या (नवी फूट येते त्या फुगवट्याच्या) खाली, धारदार चाकूने सालीचं अडीच-तीन सेंटिमीटर रुंदीचं वळं पूर्ण काढा. आतलं लाकूड चाकूच्या पाठीने खरवडून घ्या, कारण त्यावरचा बुळबुळीत थर राहिला तर साल पुन्हा जुळते आणि मुळं फुटत नाहीत. पांढरा चीक गळेल, तो कापडाने पुसा. भिजवून घट्ट पिळलेलं शेवाळ (रोपवाटिकेत मिळणारं मॉस) मूठभर लावा, वर प्लास्टिकचा कागद गुंडाळा आणि दोन्ही टोकं सुतळीने आवळा. महिना-सव्वा महिन्यात कागदातून पांढरी मुळं दिसू लागतात. ती तांबूस व्हायला लागली की गुटीच्या खालून फांदी कापा, निम्मी पानं काढा आणि कलम पिशवीत लावून सावलीत ठेवा. दीड-दोन महिन्यांत ते जमिनीत लावण्याजोगं होतं.

रोपवाटिकेतून आणणार असाल, तर पिशवी थोडी फाडून मुळं बघा. मुळांवर गाठी दिसल्या तर ते कलम घेऊ नका. त्या सूत्रकृमीच्या, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक कृमींच्या असतात. ही कीड एकदा तुमच्या मातीत आली की जात नाही, आणि सूत्रकृमी लागलेल्या झाडाला मोठं फळ सहसा येत नाही.

जागा, खड्डा, कुंडी

दिवसाचे सात-आठ तास ऊन हवं. सावलीत अंजीर जगतं, वाढतं, पण फळ पोसत नाही. जमीन मध्यम, खाली मुरूम असलेली, पाण्याचा निचरा होणारी असावी. पाणी धरून ठेवणाऱ्या भारी काळ्या मातीत लावायचं असेल, तर फूट-दीड फूट उंच गादीवाफा करून त्यावर लावा. खड्डा दोन फूट लांब, रुंद आणि खोल पुरतो. त्यात वरच्या थरातली माती, दोन घमेली चांगलं कुजलेलं शेणखत आणि किलोभर निंबोळी पेंड मिसळा. भिंतीपासून निदान पाच फूट आणि ड्रेनेजच्या पाइपापासून त्याहूनही लांब लावा, अंजिराची मुळं पाण्याचा माग काढत दूरवर जातात.

गच्चीवर लावणाऱ्यांनी दोनशे लिटरचा ड्रम अर्धा कापून घ्यावा, तळाला आणि बाजूला भरपूर भोकं पाडावी. निम्मी पोयट्याची माती, पाव भाग शेणखत, पाव भाग जाड वाळू किंवा विटांचा चुरा हे मिश्रण चालतं. बारा इंची कुंडीत अंजीर फळतं, पण मोठं फळ देत नाही. ड्रममधल्या झाडाची दर दोन-तीन वर्षांनी विश्रांतीच्या काळात कडेची मुळं छाटून नवी माती भरावी लागते.

पहिली दोन वर्षं सांगाड्यासाठी

कलम लागलं की जमिनीपासून सव्वादोन फुटांवर शेंडा मारा. खाली जे फुटवे येतील, त्यांतले चार दिशांना जाणारे चार ठेवा, बाकीचे लहान असतानाच बोटाने मोडा. पुढच्या वर्षी या चारांना निम्म्यावर कापा आणि प्रत्येकावर दोन-दोन फांद्या राखा. झाडाचा मधला भाग उघडा हवा, ऊन खोडापर्यंत पोचायला हवं. पहिल्या वर्षी लागलेली फळं सगळी काढून टाका. दुसऱ्या वर्षी चव पाहण्यापुरती पाच-सहा ठेवा. हे जिवावर येतं खरं, पण ज्या झाडावर पहिल्याच वर्षी तीस फळं पिकवली, ते तिसऱ्या वर्षी मागे पडलेलं असतं.

जागा अरुंद असेल, नुसती भिंतीकडेची पट्टी असेल, तर जपानी पद्धत फार सोयीची आहे. तिथे अंजिराच्या बागांत खोड गुडघ्याएवढ्या उंचीवर थांबवून दोन फांद्या डावी-उजवीकडे तारेला बांधून आडव्या नेतात, आणि त्या आडव्या हातांवरून दरवर्षी सरळ उभे फुटवे घेतात. दोन फुटव्यांत वीत-सव्वा वीत अंतर ठेवतात. फळं लागतात ती या उभ्या फुटव्यांवर. हंगाम संपला की फुटवे एक-दोन डोळ्यांवर छाटून पुन्हा नवे घेतात. प्रत्येक पानाला ऊन मिळतं, आणि मोजून मापून फळं ठेवायला यापेक्षा सोपी रचना नाही.

कोणता बहार धरायचा

महाराष्ट्रात अंजिराचे दोन बहार, म्हणजे फळांचे दोन हंगाम, घेतले जातात. मे-जूनच्या सुमाराला छाटणी करून पावसाळ्यात वाढवायचा आणि त्यानंतर तोडायचा तो खट्टा बहार. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छाटून उन्हाळ्याच्या तोंडाशी तोडायचा तो मीठा बहार. बाजारात फळ कमी असताना चांगला भाव मिळतो, म्हणून शेतकरी खट्टा बहार धरतात. घरच्या माणसाने मीठा बहारच धरावा. पानं पावसाळ्यानंतर येतात म्हणून तांबेरा हा पानांचा रोग कमी लागतो, फळ कोरड्या हवेत पिकतं, आणि दिवसाचं ऊन व रात्रीचा गारवा यामुळे गोडी भरते. एका झाडावर दोन्ही बहार घेऊ नका. थकलेलं झाड मोठं फळ देत नाही.

मीठ्या बहारासाठी ऑगस्टच्या अखेरीपासून झाडाचं पाणी थांबवा. आळ्यातलं आच्छादन बाजूला करा, म्हणजे माती सुकेल. पाऊस चालूच असेल तर आळं मोडून पाणी बाहेर काढून द्या. तीन-चार आठवड्यांत पानं पिवळी पडून गळायला लागतात. राहिलेली हाताने काढा. हीच विश्रांती.

छाटणी

अंजिराची मुख्य फळं येतात ती नव्या वाढीवर, पानाच्या बगलेत. म्हणजे फांदी नवीन, जोमदार आणि मोजकी हवी. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, कोरड्या दिवशी, सकाळी छाटणी करा.

लांब बाह्यांचा शर्ट आणि हातमोजे घाला. हे उगाच म्हणून सांगत नाही. अंजिराचा चीक कातडीवर लागून वर ऊन पडलं की भाजल्यासारखे फोड येतात आणि डाग महिनोन्‌महिने राहतात. डोळ्यांना तर हात लावूच नका.

सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, स्पिरिटने पुसून घ्या. आधी वाळलेलं, रोगट, आत वळलेलं आणि एकमेकांवर घासणारं काढा. खोडातून किंवा जाड फांदीतून सरळसोट वर गेलेले पाणसोट मुळापासून काढा. मग गेल्या हंगामातली प्रत्येक फांदी बघा. पेन्सिलीहून बारीक असेल ती बुडातून काढा. जाड असेल ती दोन-तीन डोळे ठेवून कापा, आणि सगळ्यात वरचा डोळा झाडाच्या बाहेरच्या बाजूला तोंड करून असेल हे पाहा. काप डोळ्याच्या अर्धा-पाऊण सेंटिमीटर वर, किंचित तिरका. जाड कापांवर लगेच बोर्डो मलम (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा.

बऱ्याचदा जोमदार फांदीचे फक्त शेंड्याकडचे डोळे फुटतात आणि खालचे झोपून राहतात. जिथे फुटवा हवा आहे त्या डोळ्याच्या वर, साल भेदून लाकडाला नुसती टेकेल एवढी आडवी खाच पाडा. शेंड्याकडून येणारा दाब तिथे तुटतो आणि तो डोळा जागा होतो. पुणे भागात ही खाच पाडण्याची रीत जुनी आहे.

छाटणीनंतर आळं खणा. दोन घमेली शेणखत, एक-दीड किलो निंबोळी पेंड घाला आणि पहिलं भरपूर पाणी द्या. दोन आठवड्यांच्या आसपास डोळे फुगून हिरवे होतात.

आता फुटवे मोजा. तीन-चार वर्षांच्या झाडावर दहा-बारा फुटवे पुरे. तीस आले असतील तर वीस बोटाएवढे असतानाच मोडून टाका. फुटवा कोवळा असताना मोडला तर झाडाचं अन्न वाया जात नाही. महिनाभर थांबलात तर तेवढं अन्न पाचोळ्यात गेलं म्हणून समजा.

विरळणी: सगळ्यात महत्त्वाचं काम

फुटव्यावर सहा-सात पानं उलगडली की पानांच्या बगलेत हिरवे टपोरे दाणे दिसू लागतात. ती कळी नाही, तेच फळ. अंजिराची फुलं फळाच्या आत असतात, उंबरासारखीच. झाडाला बहर आलेला दिसत नाही म्हणून घाबरू नका.

दाणे हरभऱ्याएवढे झाले की पहिली विरळणी करा. एकाच बगलेत दोन फळं आली असतील तर एक काढा, नेहमी लहान ते. सगळ्यात खालच्या एक-दोन पेरांवरची फळं बहुतेक वाकडीतिकडी असतात, तीही काढा. मग दहा-बारा दिवस थांबा. काही फळं आपण होऊन गळतील. त्यानंतर दुसरी विरळणी, आणि ही मन घट्ट करून करायची. ज्या फुटव्यावर दहा-बारा मोठी, पूर्ण उलगडलेली पानं आहेत, त्यावर चार ते सहा फळं ठेवा. खरोखर दाखवण्याजोगं फळ हवं असेल, तर झाडावरचे सगळ्यात जाड दोन फुटवे निवडून त्यांच्यावर दोन-तीनच ठेवा. फुटव्याच्या खालच्या आणि मधल्या भागातली फळं राखा, शेंड्याजवळची काढा. ती उशिरा लागलेली असतात, आणि त्यांची वेळ येईपर्यंत कडक ऊन सुरू होतं.

फळ काढताना ओढू नका, देठाशी बोटाने बाजूला दाबा, ते सुटून येतं. पान मात्र एकही तोडू नका. फळावर ऊन पडावं म्हणून पानं काढणारे लोक मी पाहिले आहेत. ज्या बगलेत फळ आहे त्याच बगलेतलं पान त्या फळाला पोसतं, ते काढलं की फळ उपाशी राहतं.

बारा-पंधरा पानं झाल्यावर फुटव्याचा शेंडा खुडा. तिथून पुढे लांबी वाढण्यात जाणारं अन्न फळाकडे वळतं. खुडलेल्या जागेखालून नवे बारीक फुटवे येतील, ते दर आठवड्याला काढत राहा.

मधला शांत काळ

अंजिराची वाढ एका चालीने होत नाही, आणि नवखे लोक इथेच चुकतात. पहिले पाच-सहा आठवडे फळ भराभर वाढतं. मग ते थांबतं. महिनाभर, कधी दीड-दोन महिने फळाला जणू काही होतच नाही: तोच आकार, तोच हिरवा रंग, दाबलं तर दगड. आत बिया तयार होत असतात. याच वेळी लोक घाबरून युरिया टाकतात किंवा पाणी दुप्पट करतात. युरियातलं नत्र जास्त झालं की झाड पुन्हा पानांच्या मागे लागतं आणि फळं मागे पडतात.

या काळात फक्त तीन गोष्टी करा. पाणी ठरलेल्या वेळी द्या. पालाश द्या: सल्फेट ऑफ पोटॅश, म्हणजे ०-०-५० हे खत, लिटरला ५ ग्रॅम या प्रमाणात संध्याकाळी पानांवर फवारा, तीन आठवड्यांच्या अंतराने दोनदा. चुलीची राख असेल तर मूठ-दोन मूठ आळ्यात चालेल, पण तुमची माती चुनखडीची असेल तर राख टाळा. आणि पानं जपा.

पान गेलं की फळ गेलं

तांबेरा हा अंजिराचा मोठा शत्रू. पानाच्या खालच्या बाजूला तपकिरी बारीक पुटकुळ्या येतात, बोट फिरवलं तर विटकरी भुकटी लागते. वरून पान पिवळं ठिपकेदार होतं आणि गळतं. पानं गेलेल्या फांदीवरची फळं तिथेच आकसतात. हवा दमट असेल, ढगाळ असेल, तर रोग दिसायची वाट न बघता एक टक्का बोर्डो मिश्रण फवारा. घरापुरतं करायचं तर १०० ग्रॅम मोरचूद ५ लिटर पाण्यात आणि १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या ५ लिटर पाण्यात, प्लास्टिकच्या वेगवेगळ्या बादल्यांत विरघळवा. मग दोन्ही एकत्र ओता. घासून लख्ख केलेला लोखंडी खिळा त्यात मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर चढला तर आणखी चुन्याची निवळी घाला, नाहीतर पानं भाजतील. तयार केलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवा, आणि फळं पिकायला लागल्यावर हे फवारू नका. गळलेली पानं गोळा करून बागेबाहेर न्या, आळ्यात आच्छादन म्हणून कधीच टाकू नका.

दुसरा धोका खोडात. बुंध्याशी लाकडाचा भुस्सा सांडलेला दिसला की समजा भिरूड, म्हणजे खोड पोखरणारी अळी, आत शिरलं. भोक शोधा, सायकलच्या तारेचा आकडा आत घालून अळी ओढून काढा, भोकात पेट्रोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा कोंबा आणि ओल्या मातीने बंद करा. उशीर केलात तर अख्खी फांदी वाळते. पिठ्या ढेकूण आणि कोळी यांना निंबोळी अर्क पुरतो, पानाच्या खालून फवारला तर. सूत्रकृमीसाठी आळ्याच्या कडेने झेंडू लावा आणि निंबोळी पेंड दरवर्षी घालत जा.

पाणी

खोडाला पाणी टेकू नये म्हणून दुहेरी आळं करा: खोडाभोवती मातीचा उंचवटा, त्याच्या बाहेर पाण्याचं रिंगण. आळ्यावर उसाचं पाचट किंवा वाळलेलं गवत चार बोटं जाड पसरा. किती पाणी, हे माती सांगते. पाचट बाजूला करून बोट दोन पेरं आत घाला. गारवा लागला तर थांबा, कोरडं लागलं तर द्या. जमिनीतल्या चार वर्षांच्या झाडाला हिवाळ्यात आठवड्यातून दोनदा वीस-पंचवीस लिटर, मार्चनंतर एक दिवसाआड, असा माझा अंदाज असतो. ड्रममधल्या झाडाला उन्हाळ्यात रोज. ठिबक असेल तर सगळ्यात उत्तम, खोडापासून दीड फुटावर दोन ड्रिपर.

शेवटचे दहा-बारा दिवस

इथे फळ खरं मोठं होतं. दगडासारखं फळ एका सकाळी किंचित मऊ लागतं, हिरवा रंग फिका पडतो, आणि पुढच्या काही दिवसांत ते डोळ्यांदेखत फुगतं. वजनाचा आणि साखरेचा मोठा वाटा याच दिवसांत भरतो. म्हणून या दिवसांत मातीची ओल एकदम वर-खाली होऊ द्यायची नाही. दोन दिवस कोरडं ठेवून तिसऱ्या दिवशी बादल्या ओतल्या की फळ तडकतं. आणि रोज बदाबदा पाणी दिलं तर मोठं होतं, पण पाणचट लागतं. थोडं थोडं, एका वेळेला, एका मापाने द्या.

फळाच्या तळाशी एक बारीक छिद्र असतं. त्यावर तेलाचा एक थेंब लावून फळ लवकर पिकवण्याची युक्ती भूमध्य समुद्राकाठच्या देशांत फार जुनी आहे. तिने फळ काही दिवस आधी पिकतं, हे खरं. आकारासाठी मात्र मी ती सुचवणार नाही, झाडाला त्याचा वेळ घेऊ द्या.

फळ फुगायला लागलं की बुलबुल, साळुंक्या आणि रात्री वटवाघळं येतात. संपूर्ण झाडावर जाळी टाकण्यापेक्षा निवडलेल्या फळांना मलमलीच्या किंवा जाळीच्या पिशव्या बांधा, हवा खेळेल अशा. प्लास्टिकची पिशवी नको, आत वाफ धरून फळ आंबतं. मुंग्यांसाठी खोडाभोवती कापडाची पट्टी बांधून तिला ग्रीस लावा, ग्रीस थेट सालीला नको.

तोडायची घाई हे फळ लहान राहण्याचं मोठं कारण आहे. अंजीर झाडावरून काढल्यावर ना वाढतं ना गोड होतं. रंग बदलला एवढ्यावर तोडू नका. खुणा पाहा: आधी फांदीशी ताठ उभं असलेलं फळ मान टाकून खाली लोंबतं, देठाजवळचा भाग मऊ होतो, सालीवर देठापासून तळाकडे पांढुरक्या बारीक रेघा उमटतात, आणि तोडल्यावर देठातून चीक येत नाही किंवा नुसता थेंब येतो. पांढरा चीक वाहिला तर दोन दिवस आधीच तोडलंत. मान टाकल्यानंतरचे ते दोन दिवस फळाला सगळ्यात जास्त देतात. सकाळी, ऊन चढायच्या आत, देठासकट तोडा.

कोकण, विदर्भ आणि थंड देश

कोकणात आणि गोव्यात जमिनीत लावलेल्या अंजिराला पाऊस झोडपतो आणि पानं टिकत नाहीत. तिथे ड्रममध्ये लावा, जून ते सप्टेंबर छपराखाली सरकवा आणि मीठा बहार घ्या. विदर्भात पारा चाळिशीच्या वर गेला की फळ आकसून चामट होतं, म्हणून छाटणी सप्टेंबरच्या मध्यालाच उरका आणि मार्चअखेर फळं संपवा. पश्चिम उन्हापासून पन्नास टक्क्यांची हिरवी जाळी बरीच मदत करते.

इंग्लंडात किंवा अमेरिकेच्या थंड भागात राहणाऱ्यांचं गणित वेगळं आहे. तिथे झाड हिवाळ्यात झोपतं, आणि शरद ऋतूत फांदीच्या शेंड्याला असलेली वाटाण्याएवढी फळं हिवाळा काढून पुढच्या उन्हाळ्यात पिकतात. जुन्या लाकडावरची ही फळं बहुतेकदा नव्या वाढीवरच्या फळांपेक्षा मोठी असतात. म्हणून तिथे हिवाळ्यापूर्वी वाटाण्याहून मोठी, पण न पिकलेली फळं काढून टाकतात आणि शेंडे छाटत नाहीत. आपल्या छाटणीचा नियम तिथे तसाच लावला तर तो सगळा बहार सिकेटरखाली जाईल.

तोडणीनंतर

तोडलेलं अंजीर खोलीत एक-दोन दिवस टिकतं, फ्रिजमध्ये आणखी दोन-तीन. एकावर एक रचू नका. पुरंदरचे शेतकरी अंजिराच्याच पानावर एका थरात मांडतात, तसंच मांडा.

शेवटचं फळ उतरल्यावर पाणी हळूहळू कमी करा, पण उन्हाळ्यात झाड पूर्ण कोरडं पडू देऊ नका. पावसाळ्यात ते मोकळं वाढू द्या आणि पानांवर तांबेऱ्याची नजर ठेवा. आणि ज्या झाडावर तुमचं सगळ्यात मोठं फळ आलं त्याच्या एका जाड फांदीला आत्ताच सुतळीची खूण बांधून ठेवा, जूनमध्ये गुटी तिच्यावरच बांधायची आहे.